थोरांच्या दाढीला हार, पोराच्या दाढीला नोटीस

दरवर्षी सप्टेंबरचा पहिला शनिवार आला की व्हॉट्सअ‍ॅपवर ते एक कोलाज फिरायला लागतं. जागतिक दाढी दिवस म्हणे. वरती छत्रपती शिवाजी महाराज, बाजूला रवींद्रनाथ टागोर, मग लिंकन, मार्क्स, डार्विन, एका कोपऱ्यात विनोबा, आणि हल्ली सगळ्यात खाली विराट कोहली असतोच असतो. दाढी म्हणजे रुबाब, असं काहीतरी ठळक अक्षरात लिहिलेलं. सगळे अंगठे दाखवतात. मागच्या वेळी आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर ह्याच पोस्टच्या खाली थोड्या वेळात दुसरी पोस्ट पडली, होटगी रोडला सेल्ससाठी मुलं पाहिजेत, पगार अनुभवानुसार, टू-व्हीलर आवश्यक, क्लीन शेव्ह कंपल्सरी. दोन्ही पोस्टी टाकणारा माणूस एकच बरं का. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि ग्रुपवर बाकी कुणालाही नाही.

माझं भांडण नेमकं इथंच आहे. दाढी चांगली की वाईट हा वाद मला घालायचाच नाही, मी स्वतः ठेवत नाही, एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की गालावर हात फिरवला तरी चटका बसतो, त्यात आणि दाढी कुठं सांभाळू. पण दुसऱ्यानं ठेवली तर माझं काय जातं? आपण काय करतो, फोटोतल्या दाढीची आरती करतो आणि समोर उभ्या असलेल्या पोराच्या दाढीची चौकशी लावतो, कशाला ठेवलीय, कुणाचं ऐकून ठेवलीय, कधी काढणार. केस तेच, जागा तीच, फक्त चेहरा कुणाचा आहे त्यावर आपला निकाल ठरतो.

आता दाढीचं कौतुक मला कळत नाही असं नाही हां. १८ फेब्रुवारीच्या रात्री, म्हणजे शिवजयंतीच्या आदल्या दिवशी, पूर्व भागातल्या कुठल्याही सलूनमध्ये जाऊन बसा. बाकड्यावर जागा नसते, निम्मी पोरं बाहेर गाडीवर बसलेली, आत टीव्हीवर तेलुगू गाणी चालू. खुर्चीतला पोरगा मान मागं टाकून मोबाईल वर धरतो आणि महाराजांचा फोटो दाखवतो. कारागीर काही न बोलता मशीन घेतो, गाल झिरोला आणतो, कानापासून खाली हळूहळू दाट सोडत येतो, मग अर्धं ब्लेड मोडून वस्तऱ्यात बसवतो, फवाऱ्यानं पाणी मारतो, डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणतो आणि कल्ल्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एका दमात रेघ मारतो. त्या क्षणी पोरगं श्वास सुद्धा घेत नाही. “मालक, टोक काढू का गोल ठेवू?” टोकच पाहिजे असतं, विचारायची गरज नसते, तरी विचारतो. मग तुरटीचा खडा फिरतो, पोरगं “स्स्स” करतं, आरशात डावीकडून बघतं, उजवीकडून बघतं, आणि तुम्हाला सांगतो, त्याची छाती खरंच दोन बोटं पुढं येते. एरवी वाकून चालणारं पोरगं सरळ उभं राहतं. ह्याला मी पोरखेळ म्हणणार नाही. आपल्याला ज्याच्यासारखं व्हायचंय त्याच्यासारखं निदान दिसावं, हे माणसाला वाटतंच.

आणि महाराजांच्या दाढीला तर इतिहासात कामगिरी पण आहे. १६६० चा जुलै, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, महाराज निसटले आणि दुसऱ्या पालखीत महाराज म्हणून बसला तो शिवा काशीद. परंपरा सांगते की तो जातीनं नाभिक होता आणि दिसायला महाराजांसारखा होता. नाक-डोळे सारखे असतीलही, पण रात्रीच्या पावसात, मशालीच्या उजेडात शत्रूनं आधी काय बघितलं असेल? दाढीच बघितली असणार, असं माझं आपलं मत. ज्याच्या हातात वस्तरा असायचा त्यानं स्वतःचा चेहरा स्वराज्याला दिला आणि जीव पण दिला. त्या कोलाजमध्ये महाराजांच्या शेजारी शिवा काशीदला कधी जागा मिळत नाही, हे मला खटकतं, पण तो विषय वेगळा.

तर कौतुक करा. फक्त त्या दाढीला नसलेलं श्रेय देऊ नका. लिंकनचंच घ्या. १८६० च्या ऑक्टोबरमध्ये ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या पोरीनं त्याला पत्र लिहिलं की तुमचा चेहरा फार वाळलेला दिसतो, दाढी ठेवा, बायकांना आवडते, त्या आपापल्या नवऱ्यांना सांगतील तुम्हाला मत द्यायला. किती हुशार पोरगी बघा, बायकांना तेव्हा मताचा हक्क नव्हता म्हणून तिनं नवऱ्यामार्फत गणित मांडलं. लिंकननं तिला उत्तर पाठवलं, पण लगेच काही ठेवली नाही. नोव्हेंबरला निवडून आला तो तुळतुळीत चेहऱ्यानंच, दाढी त्यानंतर वाढली. म्हणजे मतं मिळाली ती बिनदाढीच्या लिंकनला आणि नोटेवर छापली गेली ती दाढी. डार्विनचं तेच. उत्क्रांतीचं पुस्तक आलं १८५९ ला, तेव्हा त्याच्या तोंडावर कल्ले होते फक्त. ती छातीपर्यंतची पांढरी दाढी, जिच्यामुळं तो ऋषीसारखा दिसतो, ती नंतरची. सगळं डोकं चालवून झाल्यावर आलेली दाढी आपण डोक्याची खूण म्हणून मिरवतो. आणि मार्क्स तर सगळ्यावर कडी, १८८२ ला तब्येतीसाठी अल्जियर्सला गेला, आधी स्टुडिओत जाऊन एक फोटो काढून घेतला आणि मग तिथल्या न्हाव्याकडं जाऊन अख्खी दाढी उतरवून टाकली, वर एंगल्सला पत्रात कळवलं पण. आज जगभर भिंतींवर जो मार्क्स आहे त्याचा शेवटचा फोटो तोच, दाढीचा. नंतरचा चेहरा कुणी बघितलाच नाही.

आपल्याकडं भगतसिंगांनी १९२८ मध्ये केस आणि दाढी उतरवली, कामाची गरज होती म्हणून. त्यांचं काही कमी झालं का? आणि आपल्या सोलापूरचं म्हणाल तर डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली इथं जन्मलेला माणूस, १९३८ मध्ये चीनला गेला, जखमी सैनिकांवर ऑपरेशनं करत करत १९४२ ला तिथंच गेला, वय बत्तीस. फोटोत बघा, स्वच्छ गाल, साधा चेहरा, आज एखाद्या पोरानं तो फोटो इन्स्टाला टाकला तर दोस्त म्हणतील “काय बे, शाळेतलाय का फोटो?” आणि त्या माणसाला चीनमध्ये अजून मानतात.

पण आपल्या जिल्ह्यात दाढीवाले पण कमी नाहीत, आणि त्यातले दोन मला कायम आठवतात कारण दोघांचा संबंध पंढरपूरशी आहे. एक गाडगेबाबा. जन्म विदर्भातला, पण पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, ज्यांना कुणी ओसरीवर सुद्धा उतरू देत नव्हतं त्यांच्यासाठी, आणि पुढं १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. चिंध्यांचे कपडे, हातात झाडू, डोक्यावर गाडगं, पिंजारलेली पांढरी दाढी. दुसरे मकबूल फिदा हुसेन. पंढरपुरातच जन्म, अनवाणी पाय, हातात लांब ब्रश, पांढरी दाढी, शेवटी २०११ ला लंडनमध्ये वारले ते आपल्या देशाचं नागरिकत्व सोडून. दोन पांढऱ्या दाढ्या, दोघं अवलिये, दोघं चपलीच्या बाबतीत बेफिकीर. आता मनाला विचारा, ह्या दोघांना ओळखत नसताना ते सात रस्त्याच्या एखाद्या एसी दुकानात शिरले असते तर काय झालं असतं? गाडगेबाबांना वॉचमननं बाहेरच्या बाहेर काढलं असतं. आणि हुसेनना आत सोडलं असतं, पण त्यांच्या मागं मागं एक माणूस फिरत राहिला असता. दोघांवरचा संशय वेगवेगळ्या जातीचा आहे, एक गरिबीचा आणि एक नावाचा.

हे बोलायला कुणाला आवडत नाही म्हणून मी जरा थांबून बोलतो. आपलं गाव मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा चार जिभांचं आहे. सकाळी कडक भाकरी-शेंगाचटणी आणि दुपारी कुणाच्या तरी घरची बिर्याणी, असं आपण अभिमानानं सांगतो. चार हुतात्म्यांचे पुतळे भर चौकात आहेत, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेले. त्या चौघांची नावं एका दमात घेताना आपला ऊर भरून येतो. आणि तेच गाव, भाड्यानं खोली बघायला दोन पोरं आली, दोघांचीही दाढी ट्रिमरनं एकाच नंबरवर मारलेली, तर एकाला विचारतं “शिवजयंती मंडळात आहेस काय रे?” आणि दुसऱ्याला विचारतं “नाव काय म्हणालास? पूर्ण नाव?” मिशी काढलेली असली आणि खाली दाढी असली तर ते सुद्धा विचारत नाही, खोली कालच गेली म्हणतं. माझ्या ओळखीच्या एका पोरानं ह्याच्यावर उपाय काढला, खोली बघायला जाताना तो दाढी काढून जातो आणि डिपॉझिट दिल्यावर परत वाढवतो. तो हसत सांगतो. ऐकणारा पण हसतो. मला ते हसू येत नाही.

राजकारणात तर विचारूच नका. कोरोनाच्या वर्षात पंतप्रधानांची दाढी वाढत गेली तेव्हा निम्म्या लोकांना त्यात ऋषी दिसला आणि निम्म्यांना त्यात टागोर आणि बंगालची निवडणूक दिसली. राहुल गांधींची २०२२ च्या यात्रेत वाढली तर आसामच्या मुख्यमंत्र्यांना त्यात सद्दाम हुसेन दिसला. दोघांच्या तोंडावर काय होतं? पांढरे-काळे केस. बघणाऱ्यानं आपापल्या घरून आणलेला अर्थ त्यात भरला. एकाची जळते दाढी आणि दुसरा त्यावर पेटवतो विडी म्हणतात ते हेच, आणि विडीच्या गावात राहणाऱ्यांना ते जास्त समजावून सांगायला नको.

आता नियमाचं बोलू. पुष्कळ जण म्हणतात की नोकरी म्हणल्यावर शिस्त आली, पोलिसात, लष्करात दाढी चालत नाही मग शोरूमनं काय घोडं मारलं. बरोबर आहे, काही ठिकाणी कारण आहे आणि ते मला मान्य आहे. एन-९५ मास्क दाढीवर नीट बसत नाही, कडेनं हवा शिरते, म्हणून संसर्गाच्या वॉर्डात किंवा विषारी वायूजवळ काम करणाऱ्याला गाल साफ ठेव म्हणणं हे त्याच्याच जिवासाठी आहे. फरसाणच्या कारखान्यात दाढीला जाळी लावा म्हणलं तर लावायलाच पाहिजे. हवाई दलाचा खटला डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघाला, मुस्लिम जवानाला दाढी ठेवायची होती, कोर्टानं गणवेशाची शिस्त वरचढ ठरवली. जालन्याच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या एका जवानाचं प्रकरण तर आपल्याच राज्यातलं, तेही वरच्या कोर्टापर्यंत गेलं. ह्या निकालांवर वाद होऊ शकतो, आणि शिखांना सवलत मग बाकीच्यांना का नाही हा प्रश्न काही फालतू नाही. पण निदान तिथं कारण लिहिलेलं असतं, कलम दाखवता येतं, कोर्टात जाता येतं. आणि गंमत अशी की त्याच देशाच्या नौदलात परवानगी घेऊन दाढी ठेवता येते, समुद्रावर शिस्त बिघडल्याचं काही कुणी ऐकलेलं नाही. ज्या ब्रिटिशांकडून आपण ही सगळी शिस्त उचलली त्यांच्या लष्करानं २०२४ मध्ये जवानांना दाढीची परवानगी देऊन टाकली. त्यांचा इतिहास तर अजून भारी आहे, १८६० पासून १९१६ पर्यंत त्यांच्या नियमात वरच्या ओठावर वस्तरा फिरवायलाच बंदी होती, मिशी सक्तीची. म्हणजे ज्याला आपण शिस्त शिस्त म्हणतो ती दर पन्नास वर्षांनी कूस बदलते.

आणि चेहऱ्यावरचे नियम वरून लादले की काय होतं ते पण ब्रिटिशांनीच आपल्या देशात बघितलंय. १८०६, वेल्लोर. कंपनीनं शिपायांना हुकूम सोडला की दाढ्या काढा, मिशा एका मापाच्या ठेवा, कपाळावरची जातीची चिन्हं पुसा, आणि चामड्याचा तुरा लावलेली नवी पगडी घाला. हिंदू पण भडकले आणि मुसलमान पण भडकले, एकाच रात्रीत किल्ल्यात कत्तल झाली, मग कंपनीनं त्याहून मोठी केली. सत्तावन्नच्या आधी एक्कावन्न वर्षं. तिकडं रशियात पीटर बादशहानं तर १७०५ मध्ये दाढीवर करच बसवला, श्रीमंत व्यापाऱ्याला वर्षाला शंभर रूबल आणि भरल्याची खूण म्हणून तांब्याचा बिल्ला. शेतकऱ्याला आपल्या गावात दाढी माफ, पण शहरात येता-जाता दर खेपेला पैसे, म्हणजे आपल्याकडं जकात नाक्यावर ट्रक अडवायचे तशी माणसाची दाढी अडवायची. हा कर कॅथरीनच्या काळात, १७७२ ला जाऊन बंद झाला. पीटरला देश आधुनिक दिसायला पाहिजे होता. आमच्या शोरूमवाल्यांना पण तेच पाहिजे असतं, प्रोफेशनल दिसायला पाहिजे.

माझ्या पुतण्याचं सांगतो. बीकॉम झालाय, बोलायला एकदम गोड, चार भाषा येतात, ग्राहक तेलुगू बोलला की हा तेलुगूत सुरू होतो. एका ठिकाणी सेल्सला लागला, नाव घेत नाही, महिना झाला नसेल तोवर मला फोन, “काका, दाढी काढ म्हणालालेत ओ.” म्हणलं कारण विचार. त्यानं विचारलं. उत्तर आलं, कस्टमरला बरं दिसत नाही. कुठल्या कस्टमरनं तक्रार केली? कुणीच नाही. कुठं लिहिलंय? कुठंच नाही. मग? मग काय, बाकीचे काढतात, तूही काढ. त्याच्या मानेवर केस आत वळून पुरळ येतं, रोज ब्लेड फिरलं की रक्त, त्वचेच्या डॉक्टरनं थोडी वाढू दे म्हणून चिठ्ठी दिलेली, ती पण दाखवली, तर म्हणे मशीन मार. ही तक्रार काही त्याची एकट्याची नाही, कुरळ्या राठ केसांच्या पुष्कळ पुरुषांना हे होतं, केस कापल्यावर त्याचं टोक परत कातडीत घुसतं. पण हे सगळं सोडा, समजा काहीच आजार नाही, नुसती हौस आहे, तरी काय? त्याच दुकानात भिंतीवर महाराजांची तसबीर आहे. रोज सकाळी तिला हार घालायचं काम ह्याच पोराकडं होतं.

कस्टमरला बरं दिसत नाही ह्या वाक्याचं मला फार नवल वाटतं. सोलापूरचा कस्टमर म्हणजे कोण? तोच ना, जो स्वतः दाढी ठेवून येतो, किंवा ज्याचा पोरगा ठेवतो, किंवा ज्याच्या आजोबांच्या दाढी-मिशीत मागावर काम करून करून कापसाचं तूस अडकलेलं असायचं. चादर घ्यायला आलेला माणूस चादरीचं सूत बघतो, रंग जाईल का विचारतो, दोनशे कमी करा म्हणतो. विकणाऱ्याच्या गालाकडं बघायला त्याला सवड कुठंय. दाढी अस्वच्छ असते म्हणाल तर अस्वच्छ माणूस अस्वच्छ असतो, गुळगुळीत गालाचे पण घाणेरडे लोक मी पुष्कळ बघितलेत. नीटनेटकी ठेवा, विंचरा, मापात ठेवा, एवढं म्हणायचा मालकाला हक्क आहे. डोक्यावरच्या केसांना जो नियम लावता तोच खाली लावा. डोक्यावर केस आहेत म्हणून कुणाला टक्कल करून ये म्हणत नाही ना आपण.

पण आता दाढीवाल्यांना पण दोन गोष्टी ऐकाव्या लागतील, कारण सक्ती दुसऱ्या बाजूनं पण सुरू झालीय. दाढी नाही तो मर्द नाही, हे जे चाललंय ते त्या क्लीन शेव्ह कंपल्सरीचंच भावंड आहे. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, गालावर ठिकठिकाणी मोकळी जागा आहे म्हणून मेडिकलमधून मिनोक्सिडिलची बाटली आणतात आणि रात्री गालाला चोळतात. मुळात ते रक्तदाबाचं औषध, पुढं त्यानं केस येतात असं दिसलं म्हणून टकलासाठी वापरात आलं, गालासाठी ते ठरलेलंच नाही. कुणाची त्वचा सोलते, कुणाला धडधडतं, चक्कर येते, आणि घरच्यांना सांगितलेलं नसतं. अरे बाबांनो, दाढी कशी येणार हे बऱ्यापैकी आई-बापाकडून आलेलं असतं, हार्मोन किती आहे त्यापेक्षा तुमच्या गालावरची केसांची मुळं त्याला किती दाद देतात त्यावर असतं, आणि पुष्कळांची पंचविशी-तिशीपर्यंत भरत राहते. वस्तरा फिरवला की दाट येते हे पण खोटं, १९२८ सालीच अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या बाईंनी मोजून दाखवलं होतं की दाढी केल्यानं केसाचा रंगही बदलत नाही, जाडीही नाही आणि वेगही नाही. जवळजवळ शंभर वर्षं झाली, आमच्या गल्लीत अजून ती बातमी पोचायचीय.

आणि मुलींना आवडते म्हणून ठेवतो म्हणणाऱ्यांसाठी, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग छापला. लोकांना चेहरे दाखवले, काहींना जास्त दाढीवाले, काहींना जास्त बिनदाढीवाले. जिथं दाढ्या कमी होत्या तिथं दाढी जास्त आवडली आणि जिथं दाढ्यांचा पूर आला तिथं साफ चेहरा आवडला. म्हणजे जे दुर्मिळ ते देखणं. त्या हिशोबानं आज अशोक चौकात उभं राहून बघितलं तर सगळ्यात भाव खाणारं पोरगं डॉक्टर कोटणिसांसारखं दिसणारं निघेल.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो काढल्यावर कट्ट्यावर लोक गप्प होतात. चेहऱ्यावरच्या केसांचं एवढं कौतुक आपण करतो ते फक्त पुरुषाच्या. हनुवटीवर चार जाड केस एखाद्या पोरीला आले की घरात दार लावून कुजबूज सुरू होते. पीसीओएसमुळं, म्हणजे बायकांच्या अंडाशयाच्या आणि हार्मोनच्या एका त्रासामुळं येतात, कुणाला घराण्यात असतात म्हणून येतात, आणि हे काही क्वचित होत नाही, तुमच्या ओळखीत नक्की कुणीतरी आहे, फक्त तिनं तुम्हाला सांगितलेलं नाही. ती दर आठ-दहा दिवसांनी पार्लरमध्ये दोऱ्यानं ओढून काढते, डोळ्यातून पाणी येतं, मग लेझरसाठी पैसे साठवते, आणि लग्नाची बोलणी चालू असली तर स्कार्फ बांधून फिरते. तिच्या भावानं दाढी वाढवली की त्याला म्हणायचं भारी दिसतोस बे, आणि तिला म्हणायचं डॉक्टरला दाखव. डॉक्टरला दाखवावंच, पीसीओएस असेल तर त्याची बाकीची दुखणी असतात, पाळी, साखर, वजन. पण ते तब्येतीसाठी. बघायला आलेल्या पाहुण्यांच्या नजरेला बरं वाटावं म्हणून नको. पुतण्याला दुकानात जे महिनाभर सोसावं लागलं ते ह्या पोरी बारा-तेरा वर्षांच्या असल्यापासून घरात सोसतात, आणि त्यांच्यासाठी कुठला जागतिक दिवस पण नाही.

पुतण्यानं ती नोकरी सोडली. दुसरीकडं लागलाय, एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, एक्सपोर्टची कागदं बघतो. तिथं मशीनवाल्यांना नियम आहे, सुट्टी बाही नको, गळ्यात उपरणं नको, केस-दाढी लांब असेल तर बांधून ठेवा, आणि खाली कारण लिहिलंय, फिरत्या भागात अडकतं. दाराशीच बोर्ड आहे, मराठीत आणि तेलुगूत. त्यावर कुणाची काही तक्रार नाही. मी म्हणतो शोरूमवाल्यांनी, बँकवाल्यांनी, कॉलेजवाल्यांनी पण असाच बोर्ड लावावा, नियम वर आणि कारण खाली, आणि कारणाच्या जागी “बरं दिसत नाही” असं लिहायचं असेल तर त्याच्याखाली मालकानं आपली सही करावी.